पहिलं काँट्रॅक्ट संपायला ७ आठवडे उरलेत. पुढचं काम शोधायचं कसं?

जुळवाजुळव

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा विचारतेय.

मी डेटा मायग्रेशन करते. म्हणजे एखादी कंपनी जुनी सिस्टीम टाकून नवी घेते, तेव्हा जुन्यातल्या नोंदी नव्यात न्यायच्या आणि इकडची बेरीज तिकडच्या बेरजेशी जुळेपर्यंत कुणाला झोपू द्यायचं नाही. ११ वर्षं हे नोकरीत केलं. साडेचार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून स्वतंत्र झाले. पहिलं काँट्रॅक्ट ६ महिन्यांचं, आणि ते मला शोधावंच लागलं नाही. जुन्या ऑफिसातली एक सहकारी दुसरीकडे गेली होती, तिने तिथल्या साहेबांना माझं नाव सांगितलं, दोन फोन झाले आणि काम सुरू. मला वाटलं हे असंच असतं.

आता ७ आठवडे उरलेत. पाचव्या आठवड्याच्या शेवटी कटओव्हर आहे, म्हणजे शुक्रवारी रात्री जुनी सिस्टीम बंद आणि सोमवारी सकाळी नवी चालू. त्याआधी दोन रंगीत तालमी. थोडक्यात, ज्या काळात काम शोधायला हवं नेमका त्याच काळात मान वर करायला फुरसत नाही. क्लायंटकडचा मॅनेजर दर शुक्रवारी म्हणतो, "तुमचं एक्स्टेन्शन बहुतेक होईलच, काळजी करू नका." हे मी ५ शुक्रवार ऐकलं. कागद शून्य.

गेल्या ३ आठवड्यांत रात्री जागून ४३ ठिकाणी अर्ज केले. धंद्याची सवय म्हणून हिशेब ठेवलाय: २९ जणांकडून काहीच नाही, ९ जणांकडून यंत्राने पाठवलेला नकार, ४ एजन्सींचे फोन, १ मुलाखत. बेरीज ४३, जुळली. ती एक मुलाखतही अर्ध्या तासाने कळलं की पूर्णवेळ नोकरीसाठी होती, काँट्रॅक्ट वगैरे काही नाही. आणि त्या चारांपैकी दोन एजन्सी एकाच क्लायंटबद्दल बोलत होत्या असा मला दाट संशय आहे. दोघींनाही मी "पाठवा माझा सीव्ही" म्हणून बसलेय.

अडचण अशी की ओळखीच्यांना विचारायचं म्हटलं की हात आखडतो. मेसेज लिहायला घेते, "कशी आहेस, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही" असं लिहिते, उत्तर येतं "मजेत, तू?", मी म्हणते "मीपण मजेत", आणि संपलं. असे ६ मेसेज झाले. सहाही जण मजेत आहेत.

दर कमी करू का? क्लायंटला सांगू का की मी दुसरीकडे बघतेय? की एक्स्टेन्शनची वाट बघत गप्प बसू? गुप्ततेच्या करारामुळे केलेलं काम कुठे दाखवताही येत नाही, ती आणखी एक रड. अनुभवी लोकांनी कृपया लिहा. "नोकरी कशाला सोडलीस" हे घरातून ऐकून झालंय, ते नको.

तिरपागडा

नोकरी कशाला सो... बरं, राहिलं.

दर कमी करा की. दुकान उघडून दीड दिवस झाला नाही तर भाव कसला खाताय? आधी ४-५ कामं खात्यावर येऊ द्या, मग वाढवा. बसून राहण्यापेक्षा अर्ध्या पैशात केलेलं बरं.

ता. क. : 'फ्रीलान्स' हा शब्द इंग्रजीत १८१९-२० च्या सुमारास एका ऐतिहासिक कादंबरीमुळे रूढ झाला असं म्हणतात. पैसे देईल त्या सरदाराकडून लढणारा, भाला स्वतःचा घेऊन फिरणारा शिपाई. लढाई नसली की तो काय करायचा हे काही कादंबरीत वाचल्याचं आठवत नाही.

भटक्या१४

जुळवाजुळव, मी १४ वर्षं काँट्रॅक्टवर आहे (आयडीत तेच आहे), त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

पहिली गोष्ट ती शुक्रवारची. मॅनेजर खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून वाटतं की तुम्ही राहावं. पण पैसे त्याच्या खिशातले नसतात, बजेट दुसऱ्याच्या सहीने सुटतं आणि त्या दुसऱ्या माणसाला तुमचं नावही माहीत नसतं. माझ्या तिसऱ्या काँट्रॅक्टला मला असंच "होणारच" सांगत होते. शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी वरून सगळे खर्च गोठवल्याचा मेल आला. मॅनेजरचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. त्यानंतर ११ आठवडे मी घरी. त्या माणसावर माझा आजही राग नाही, पण तेव्हापासून एक्स्टेन्शन लेखी हातात येईपर्यंत ते नाहीच असं धरून चालतो.

आणि हो, क्लायंटला सांगायचंच. यात लपवण्यासारखं काय आहे? काँट्रॅक्टवर शेवटची तारीख छापलेली आहे, ती त्यालाही माहीत आहे. पण "मी दुसरीकडे बघतेय" असं धमकीसारखं नको. मी साधारण असं लिहितो: "माझी शेवटची तारीख अमुक. त्यापुढच्या तारखा मी अमुक सोमवारपासून इतरांना द्यायला लागेन. तुम्हाला हव्या असतील तर त्याआधी लेखी कळवा, पहिला हक्क तुमचा." मेलवर लिहा, तोंडी नको. हा मेल मॅनेजरलाच उपयोगी पडतो, कारण तो वर पुढे पाठवून त्याला म्हणता येतं की बघा, बाई जातील. नुसत्या "बहुतेक"वर वरचे लोक हलत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. ७ आठवडे तुम्हाला खूप वाटत असतील किंवा कमी, पण हिशेब उलटा करून बघा. माझ्या अनुभवात पहिल्या फोनपासून कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत ५ ते ८ आठवडे जातात. त्यांच्याकडची मंजुरी, कराराची कलमं, लॅपटॉप, लॉगिन. म्हणजे तुम्ही आजच उशिरात आहात, घाबरवत नाही. आणि पैसे त्याहून मागे चालतात. समजा मधे फक्त ४ आठवडे मोकळे गेले. जुन्या कामाचं शेवटचं बिल ३० दिवसांनी जमा होणार, म्हणजे साधारण चौथ्या आठवड्यात. नवीन काम तेव्हा सुरू होणार, महिना भरल्यावर म्हणजे आठव्या आठवड्यात बिल जाणार, त्यावर ३० दिवस, की बारावा आठवडा. सुट्टी झाली ४ आठवड्यांची, पण खात्यात दोन रकमांच्या मधे ८ आठवडे. नव्या लोकांना घाम फुटतो तो इथे, आणि मग तिरपागडासाहेब म्हणतात तसं अर्ध्या पैशात काम घेतात. अडला हरी.

तेव्हा दराचं गणितही करून टाकू. तुम्ही १५ टक्के कमी दराने ६ महिन्यांचं काम घेतलंत. ६ महिने म्हणजे कामाचे सुमारे १३० दिवस. त्याचे १५ टक्के म्हणजे साडेएकोणीस दिवसांची कमाई सोडलीत, जवळजवळ ४ आठवडे. म्हणजे ४ आठवडे थांबून पूर्ण दराचं काम मिळणार असेल तर हिशेब तिथल्या तिथे. वर त्या क्लायंटच्या डोक्यात तुमचा तोच दर पक्का बसला, तो वेगळा. थांबायची ताकद नसेल तर कमी दरात घ्या जरूर, त्यात कमीपणा नाही, पण मग ६ महिन्यांचं नको, ६ आठवड्यांचं घ्या.

मुळात तुमचा दर कसा ठरवलात? वर्षाचे ५२ आठवडे गुणिले ५ म्हणजे २६० दिवस धरून भागाकार केला असेल तर तो दर आधीच कमी आहे. सुट्ट्या, आजारपण, कागदपत्रं आणि हे असं काम शोधणं धरलं की बिल लावता येण्यासारखे २०० दिवस उरले तरी चांगलं वर्ष समजायचं. मधल्या रिकाम्या दिवसांचे पैसे भरल्या दिवसांच्या दरातूनच यायला हवेत.

आता एकच प्रश्न. पहिलं काम कुठून आलं? तुम्हीच लिहिलंय. ओळखीतून, दोन फोनमधे. ४३ अर्जांना किती तास गेले? आणि तुमच्याबरोबर काम केलेल्या किती जणांना आज ठाऊक आहे की तुम्ही स्वतंत्र झाला आहात आणि अमुक तारखेला मोकळ्या होताय?

जुळवाजुळव

भटक्या, मोजलं. ४३ अर्ज, साधारण ३५ तास. प्रत्येक पोर्टलवर तोच सीव्ही पुन्हा हाताने भरायचा, त्यातच अर्धे गेले.

आणि किती जणांना ठाऊक आहे? त्या सहा मजेत असलेल्यांनाही नाही. त्यांना वाटतं मी अजून तिथेच आहे. लिहिताना आत्ता लाज वाटली.

दर २६० नेच भागला होता. २६० ऐवजी २०० ने भागलं तर ३० टक्के फरक पडतो, हे आत्ता कॅल्क्युलेटरवर बघून बंद केलं.

पलीकडची_खुर्ची

मी टेबलाच्या पलीकडून लिहितेय. वर्षाला १०-१२ काँट्रॅक्टर मी घेते, त्यामुळे तुमचे अर्ज कुठे जातात ते सांगू शकेन.

माणूस हवा झाला की आधी आम्ही आमच्याकडे पूर्वी काम केलेल्यांना विचारतो. कुणी मोकळं नसेल तर टीमला विचारतो, "कुणी आहे का ओळखीत?" सध्या आमच्याकडे जे काँट्रॅक्टर आहेत त्यांनाही विचारतो, कारण चांगल्याला चांगला ठाऊक असतो. मग एजन्सी. सगळ्यात शेवटी जाहिरात. म्हणजे जाहिरात दिसते तेव्हा तीन चाळण्या होऊन गेलेल्या असतात; आमच्यापैकी कुणाला कुणी आठवलं नाही, एवढाच तिचा अर्थ. मग त्यावर शेकडो अर्ज येतात आणि ते वाचणारा माणूस बहुधा मी नसतेच. म्हणून ते २९ जण गप्प आहेत त्यात तुमच्या कामाबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका.

सीव्हीबद्दल. काँट्रॅक्टरच्या सीव्हीत मी तीनच गोष्टी शोधते: हेच काम याने आधी केलंय का, ते पूर्ण झालं का, आणि हा कधीपासून मोकळा आहे. "११ वर्षांचा अनुभव, मेहनती, टीममध्ये मिसळणारी" यात तिन्हींपैकी एकही नाही. गुप्ततेच्या कराराची रड नको. कंपनीचं नाव आणि आतली माहिती गाळून कामाचं स्वरूप बहुतेक वेळा सांगता येतं (तुमचा एकदा वाचून खात्री करा). "३ जुन्या सिस्टीम, ४० लाख नोंदी, २ रंगीत तालमी, कटओव्हर एका शनिवार-रविवारात, सोमवारी काम वेळेवर सुरू" असं नाव न घेता लिहिलं तर मी फोन उचलते. आकडे तुमचे टाका, मी अंदाजाने लिहिले.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. कटओव्हर झाल्यावरचे ८-१० दिवस क्लायंट तुमच्यावर जितका खूश असतो तितका पुन्हा कधीच नसतो. त्याच आठवड्यात त्याला विचारा, "पुढच्या कामासाठी कुणी विचारलं तर तुमचं नाव देऊ का? फोनवर दोन मिनिटं बोलाल?" दोन महिन्यांनी विचारलंत तर तो दुसऱ्या खात्यात गेलेला असतो. गरज सरो वैद्य मरो असं मुद्दाम कुणी करत नाही, पण विसरतात.

भटक्यांच्या एका सुराशी मात्र मी असहमत. ओळखीतल्या सगळ्यांना एकगठ्ठा मेसेज टाकू नका. मला महिन्याला असे चार येतात, "मी सध्या उपलब्ध आहे, काही संधी असल्यास कळवावे". दोन ओळींत कळतं की हा चाळीस जणांना गेलाय. मी उत्तर देत नाही. वाईट वाटतं, पण देत नाही.

भटक्या१४

एकगठ्ठा कुठे म्हटलं मी? एकेकालाच लिहायचं, पण लिहायचं सगळ्यांना. माझी यादी ६० जणांची आहे. एका काँट्रॅक्टच्या शेवटी १५-२० जणांना लिहितो, पुढच्या वेळी दुसऱ्यांना.

मेसेजबद्दल बोलायचं तर जुळवाजुळव यांचा घोळ वेगळाच आहे, ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा. "कशी आहेस" ने सुरुवात केली की समोरची "मजेत" म्हणणारच, तिला काय माहीत तुम्हाला काय हवंय? मी असं लिहितो (खरा मेसेज, नावं काढून):

"नमस्कार, आपण गोदामाच्या सिस्टीमवर एकत्र होतो. मी आता स्वतंत्र काम करतो. सध्याचं काम अमुक तारखेला संपतंय. जुनी सिस्टीम बंद करून नवीन आणणाऱ्या टीममध्ये जोडणीचा भाग मी करतो. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत येत्या ३-४ महिन्यांत असं काही ठरत असेल तर कुणाशी बोलावं, एवढं सांगाल का? नसेल तरी हरकत नाही, भेट झाली की बोलूच."

काम मागितलेलं नाही, नाव मागितलंय. काम देणं त्याच्या हातात नसतं म्हणून तो अवघडतो. नाव सुचवणं कुणाच्याही हातात असतं. आणि तारीख घालाच. तारीख नसली की मेसेज "बघू कधीतरी" या खणात जातो.

तिरपागडा

अर्ध्या पैशाचं बोललो ते मागे घेतो. साडेएकोणीस दिवसांचं गणित बायकोला दाखवलं, तिने माझ्याकडे बघितलं.

मधला_माणूस

मी एजन्सीत आहे, शिव्या खायला तयार होऊन लिहितोय.

जुळवाजुळव, त्या दोन एजन्सींचं आजच निस्तरा, बाकी सगळं नंतर. एकाच जागेसाठी एकाच माणसाचा सीव्ही दोन एजन्सींकडून गेला तर कमिशन कुणाचं यावर वाद होतो, आणि बऱ्याच क्लायंटना तो वाद नकोच असतो. ते सरळ तुमचं नाव बाजूला ठेवतात. तुम्हाला कारणही कळत नाही. दोघांनाही मेल करा: "क्लायंटचं नाव आणि जागा मला लेखी कळवल्याशिवाय आणि माझा लेखी होकार आल्याशिवाय सीव्ही पाठवू नये." नाव सांगायला नकार देणाऱ्याला होकार देऊ नका. आम्ही नाव का लपवतो, तर तुम्ही थेट जाल या भीतीने. पण होकार मागायच्या वेळी सांगावंच लागतं.

दुसरं, एजन्सीमार्फत काम घेतलंत तर करारात एक कलम असतं की काम संपल्यावर इतके महिने, बहुधा ६ किंवा १२, त्या क्लायंटकडे परस्पर जायचं नाही. सही करताना ते सगळे वरवर बघतात. पुढचं काम शोधताना तेच आडवं येतं. आणि ते कलम 'त्या क्लायंटकडे' आहे की 'त्या क्लायंटच्या समूहातल्या सगळ्या कंपन्यांकडे' आहे, हा फरक डोळ्यांत तेल घालून वाचा.

आणि पोर्टलवर एकदा नोंद केली की विसरू नका. आम्ही शोधतो तेव्हा ताज्या नोंदी वर येतात. दर सोमवारी एक शब्द बदलून सेव्ह करा. हास्यास्पद आहे, मान्य.

तळटीप

ओळखीच्या बाबतीत एक जोड. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या एका उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होतात? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत 'वरचेवर' म्हणणारे १६.७ टक्के, 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के निघाले. कारण सोपं आहे: रोजच्या माणसांना जे कळतं ते तुम्हालाही कळलेलंच असतं, नवी बातमी दुसऱ्या गोटातून येते.

नमुना लहान होता, ५४ जणांचा. पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात आले, त्यातही साधारण हेच दिसलं, एका दुरुस्तीसह. अगदीच नावापुरती ओळख असलेली माणसं तितकी कामाची नाहीत. थोडीफार सामायिक ओळख असलेली, मधल्या पट्ट्यातली माणसं सगळ्यात उपयोगी.

दोन्ही अभ्यास नोकऱ्यांचे आहेत, काँट्रॅक्टचे नाहीत, हे लक्षात असू द्या. पण जुळवाजुळव यांनी ते सहा मेसेज कुणाला केले असतील याचा अंदाज येतो.

जुळवाजुळव

बरोबर ओळखलंत. सहाही जणी अगदी जवळच्या. त्यांना लिहायला लाज कमी वाटते म्हणून.

आज बसून यादी केली. ११ वर्षांत ज्यांच्याबरोबर एखादं तरी काम शेवटपर्यंत नेलं, अशी माणसं आठवली. अंदाज २० चा होता, निघाली ५८. विक्रेत्यांकडचे लोक विसरलेच होते, ऑडिटवाले विसरले होते, ज्यांच्याशी भांडले ते तर मुद्दाम विसरले होते. एजन्सींना मेल गेले. मॅनेजरचा मेल लिहून ठेवलाय, सोमवारी पाठवते. तालीम शुक्रवारी आहे, आता गायब होते.

जुळवाजुळव (६ आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, माफ करा. काय झालं ते सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर हिशेब द्यायलाच हवा.

मंगळवार आणि गुरुवारची सकाळ, ८ ते ९, एवढाच वेळ मिळाला. त्यात ३१ जणांना लिहिलं, एकेकाला वेगळं. पहिले पाच लिहायला प्रत्येकी पाऊण तास लागला, नंतर दहा मिनिटं. १२ जण गप्प, १९ जणांची उत्तरं. १९ पैकी ११ "सध्या काही नाही, लक्षात ठेवतो", ५ जणांनी कुणाचं तरी नाव दिलं, ३ जण स्वतःच म्हणाले बोलू. बेरीज जुळते. अर्ज मात्र एकही केला नाही.

त्या तिघांतला एक ऑडिटमधला माणूस. ६ वर्षांपूर्वी आमचं कडाक्याचं वाजलं होतं. एका फायलीत तारखा दिवस-महिना आहेत की महिना-दिवस, यावरून. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांच्या तारखा दोन्हीकडून खऱ्याच दिसतात, त्यामुळे कुणालाच चूक दिसत नव्हती आणि मी सही करायला तयार नव्हते. त्यांचं काम माझ्यामुळे ४ दिवस अडलं. त्यांना मेसेज पाठवावा की नाही यावर मी दोन सकाळी घालवल्या. त्यांचं उत्तर वीस मिनिटांत आलं: "तुम्ही सही केली नव्हतीत त्या प्रकरणातल्या ना? आमच्याकडे एकाला अशीच माणसं हवी आहेत." भांडलेल्यांची वेगळी यादी आता करायला हवी.

तिथलं काम अजून पक्कं नाही, उगाच अभिनंदन करू नका. आधी १० दिवसांची तपासणी आहे, त्यांच्या जुन्या डेटाची अवस्था बघून अहवाल द्यायचा. ती पैसे देऊन आहे, करार झालाय. अहवाल वाचून ते पुढचे ५ महिने ठरवणार. तपासणीचा दर २०० ने भागून सांगितला. फोनवर तीन सेकंद शांतता होती, मी ती भरून काढली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. "ठीक आहे" म्हणाले.

सध्याच्या क्लायंटचं: सोमवारच्या मेलवर तीन दिवस काहीच नाही. गुरुवारी मॅनेजरने फोन केला, थोडा दुखावलेला वाटला. "मी म्हटलं होतं ना होईल म्हणून." मी म्हटलं, मला कागद द्या, मी लगेच थांबते. दोन आठवडे गेले, आणि मिळालं ते ३ आठवड्यांचं, आठवड्याला ३ दिवस, कटओव्हरनंतरची देखरेख म्हणून. ६ महिन्यांचं "होईलच" होतं, त्याचे ९ दिवस झाले. खरं सांगायचं तर त्यालाही ते लागलं असावं.

कटओव्हर पार पडला. रविवारी पहाटे ४ वाजता १७ नोंदींचा फरक येत होता. त्या १७ नोंदी कुणीतरी वर्षांपूर्वी बनवलेल्या एका चाचणी खात्याच्या निघाल्या. पलीकडची_खुर्ची, तुम्ही सांगितलेल्या आठवड्यातच, म्हणजे याच बुधवारी, मॅनेजरला संदर्भासाठी विचारलं. तो हो म्हणाला, आणि वर स्वतःहून दोन नावंही दिली.

त्या दोन एजन्सींचं: संशय खरा निघाला, क्लायंट एकच होता. सीव्ही तोवर दोन्हीकडून गेला होता. तिथून पुढे काही ऐकू आलं नाही.

राहिले ते "लक्षात ठेवतो" म्हणालेले ११ जण. माझी मोकळं होण्याची तारीख आता बदलली, म्हणून काल त्यांना दोन ओळी टाकल्या, की आधी कळवलेली तारीख ३ आठवडे पुढे गेली आहे. नुसतं कळवलं, विचारलं काही नाही. आज दुपारी एकाचं उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंस, सोमवारी फोन कर." भटक्या, सोमवारी फोनवर सुरुवात कशी करू? "कसे आहात"ने नको, एवढं कळलंय.